मथुशलहाची ९६९ वर्षे: मूळपुरुषांची वये वाचताना या चुका टाळा

हिब्रू धर्मशास्त्रातील उत्पत्ती या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंतच्या दहा पिढ्यांची नोंद आहे आणि त्यांतील बहुतेकांचे आयुष्य नऊशेच्या घरात जाते: आदाम ९३०, शेथ ९१२, यारेद ९६२, मथुशलह ९६९. हे आकडे समोर आले की कोणी त्यांना भाकडकथा म्हणून सोडून देतो, तर कोणी श्रद्धेच्या रक्षणासाठी ते आजच्या आयुर्मानात बसवण्याची खटपट करतो. दोघांचेही लक्ष आकड्यावर खिळते आणि त्या आकड्याभोवती मजकुराने काय मांडले आहे, ते वाचायचे राहून जाते.

सर्वांत प्रचलित चूक म्हणजे ‘त्या काळचे वर्ष म्हणजे आपला महिना’ हा तोडगा. ९६९ ला बाराने भागले की मथुशलह साधारण ८१ वर्षांचा होतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. मात्र त्याच अध्यायात प्रत्येकाला मुलगा कोणत्या वर्षी झाला, हेही दिलेले आहे. महललेल आणि हनोख हे ६५ व्या वर्षी पिता झाले. म्हणजे या हिशेबाने तेव्हा ते पुरते साडेपाच वर्षांचेही नव्हते. पुढच्या काळातील मूळपुरुष अब्राहाम याची १७५ वर्षे तर पंधराही भरत नाहीत. शिवाय नोहाच्या काळातील जलप्रलयाच्या वृत्तांतात महिने वेगळे मोजलेले आहेत: सातव्या महिन्याच्या सतराव्या दिवशी नोहाचे तारू, म्हणजे जहाज, अरारातच्या पर्वतांवर टेकले आणि दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी डोंगरांचे माथे दिसू लागले. जो मजकूर वर्ष आणि महिना इतक्या काटेकोरपणे वेगळे ठेवतो, त्यावर आपण हा घोळ लादू नये. वर्षांना दहाने भागण्याची अशीच एक युक्ती प्राचीन काळीही सुचवली जात होती आणि पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने ती याच धर्तीच्या युक्तिवादाने खोडून काढली होती.

याहून गंभीर चूक म्हणजे दीर्घायुष्य हेच पुण्याईचे माप समजणे. मथुशलह सर्वांत जास्त जगला, परंतु त्याची एकही कृती किंवा त्याच्या तोंडचा एकही शब्द उत्पत्तीमध्ये नोंदलेला नाही. पाचवा अध्याय सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचावा. अमुक इतक्या वर्षांचा असता त्याला मुलगा झाला, त्यानंतर तो इतकी वर्षे जगला, त्याला आणखी मुलगे व मुली झाल्या, त्याचे सर्व आयुष्य इतके झाले, आणि तो मरण पावला. हा शेवटचा शब्दप्रयोग या एका अध्यायात आठ वेळा येतो. ‘तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील’ या अर्थाचे जे वचन आदामाला दोनच अध्याय आधी ऐकावे लागले होते, ते नऊशे वर्षे लोटली तरी चुकत नाही, हे या पुनरुक्तीतून ऐकू येते. सहस्र वर्षे कोणीही गाठत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्या दिवशी मना केलेले फळ खाशील त्या दिवशी मरशील असे सांगितले असताना आदाम ९३० वर्षे कसा जगला, या प्रश्नाला यरुशलेममधील दुसऱ्या मंदिराच्या काळातील (इ. स. ७० पूर्वीच्या) ज्यू लेखनात दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे: देवाचा एक दिवस हजार वर्षांचा, आणि आदाम हजाराला सत्तर कमी असताना, म्हणजे त्याच ‘दिवशी’ मेला.

या साखळीत फक्त हनोखाच्या बाबतीत खंड पडतो. तो सातवा पुरुष असून त्याचे वय ३६५ आहे, म्हणजे सौर वर्षाच्या दिवसांइतके. तो देवाबरोबर चालला, असे त्याच्याविषयी दोनदा म्हटले आहे आणि तो मेला असे न म्हणता देवाने त्याला नेले असे म्हटले आहे. दहा जणांत ज्याचे पृथ्वीवरील आयुष्य सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत मोठा मान, ही मांडणी ज्याच्या लक्षात येईल तो वयांची क्रमवारी लावून भक्तीची क्रमवारी लावणार नाही. अर्थात हनोखाबाबत सर्व परंपरांचे एकमत आहे असेही मानू नये. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात त्याने मरण पाहिले नाही असे म्हटले आहे, तर अकराव्या शतकातील थोर ज्यू भाष्यकार राशी यांच्या मते तो नीतिमान असला तरी मार्ग सोडण्याचा धोका होता, म्हणून देवाने त्याला वेळेआधी उचलले. मृत्यूवाचून नेला गेलेला दुसरा पुरुष म्हणजे एलीया संदेष्टा; कोकणातील बेने इस्राएल हा ज्यू समाज मलिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या, विधीत ज्याचे स्मरण करतो तो एलियाहू हन्नाबी हाच.

दीर्घायुष्य म्हणजे सुख, हेही मजकुराला मान्य नाही. अब्राहामाचा नातू याकोब १३० व्या वर्षी मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहतो तेव्हा आपले दिवस थोडे आणि कष्टाचे गेले, आपल्या वाडवडिलांच्या वयाला आपण पोहोचलो नाही, असे सांगतो.

सुमेरियन राजावलीशी, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियातील राजांच्या यादीशी, तुलना करताना घाई होते. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील मातीच्या चौकोनी स्तंभाकृती लेखावर प्रलयापूर्वीच्या आठ राजांची एकूण २,४१,२०० वर्षे कोरलेली आहेत. पहिल्या अलुलिमची राजवटच २८,८०० वर्षांची आहे. पुढे बेरोसस या बाबिलोनी पुरोहिताने दहा राजांना ४,३२,००० वर्षे दिली. हा आकडा कलियुगाच्या वर्षसंख्येमुळे आपल्याला ओळखीचा वाटतो आणि लगेच ‘सर्व एकच’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रलय, त्याआधीची अवाढव्य वये आणि नंतरची घट हा आराखडा प्राचीन मेसोपोटेमियाशी जुळतो, यात शंका नाही. फरक मात्र अर्थाचा आहे. तिथे स्वर्गातून उतरलेली राजसत्ता नगरातून नगरात जाते. इथे एकही राजा नाही, केवळ बाप आणि मुलगा आहेत, आणि आदामाला लाभलेले देवाचे प्रतिरूप व आशीर्वाद पिढीमागून पिढी पुढे जातात. माझ्या मते या वंशावळीचे धार्मिक महत्त्व इथेच आहे.

वयांची बेरीज करून सृष्टीची तारीख काढणाऱ्यांनी आधी आपल्या हातात कोणता पाठ आहे, ते पाहावे. मासोरेटिक, म्हणजे ज्यू परंपरेतील प्रमाण, हिब्रू पाठानुसार आदामापासून प्रलयापर्यंत १६५६ वर्षे होतात, शोमरोनी (समॅरिटन) समाजाच्या पाठानुसार १३०७, आणि सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या प्रचलित पाठानुसार २२४२. त्या ग्रीक पाठात तर मथुशलह प्रलयानंतरही १४ वर्षे जगतो, जरी तारवात आठच माणसे होती. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० साली काढलेले इ. स. पू. ४००४ हे वर्ष मासोरेटिक पाठावर आधारलेले आहे. ज्यू पंचांगही त्याच पाठावर उभे असून त्याचा आरंभ इ. स. पू. ३७६१ असा येतो.

कथनाचा क्रम हाच काळाचा क्रम समजल्यानेही गोंधळ होतो. अब्राहामाचा बाप तेरह याचा मृत्यू उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात आणि अब्राहामाचे हारान हे नगर सोडणे बाराव्यात येते. पण तेरह ७० वर्षांचा असता अब्राहाम जन्मला असे धरले, तर ७५ वर्षांचा अब्राहाम निघाला तेव्हा तेरह १४५ वर्षांचा होता आणि पुढे साठ वर्षे जगला. शोमरोनी पाठात तेरहाचे वयच १४५ दिलेले आहे, त्यामुळे तिथे ही अडचण उरत नाही. असा प्रश्न आला की कागदावर जन्म, पुत्रजन्म आणि मृत्यू असे तीन रकाने आखावेत. मासोरेटिक आकडे भरले की नोहाचा मुलगा शेम हा अब्राहामाच्या मृत्यूनंतरही ३५ वर्षे हयात होता, हे दिसते. शेम म्हणजेच अब्राहामाला आशीर्वाद देणारा याजक-राजा मलकीसदेक, ही ज्यू परंपरेतील समजूत या हिशेबात बसते.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे. आदामाचा दुसरा मुलगा काइन याच्या वंशातही एक हनोख आणि एक लामेख आहे. सत्याहत्तरपट सुडाची भाषा बोलणारा लामेख तो. ७७७ वर्षे जगून नोहाच्या जन्मात दिलासा शोधणारा लामेख शेथाच्या वंशातला. कुराणात नूह आपल्या लोकांत पन्नास कमी एक हजार वर्षे राहिला असे आहे, तर उत्पत्तीमध्ये ९५० हे नोहाचे संपूर्ण आयुष्य आहे.

शेवटची चूक उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातील ‘मनुष्याचे दिवस १२० वर्षे होतील’ या वचनाविषयीची. ती मानवी आयुष्याची तत्काळ लागू झालेली मर्यादा मानली, तर शेमची ६०० आणि अब्राहामाचा मुलगा इसहाक याची १८० वर्षे आडवी येतात. ज्यू भाष्यपरंपरेत ती प्रलयापूर्वी पश्चात्तापासाठी दिलेली मुदत मानली जाते. इतर काही वाचक ती हळूहळू अमलात आलेली मर्यादा समजतात, कारण आयुष्ये पुढे घटत जातात आणि मोशे नेमका १२० व्या वर्षी मरण पावतो. स्तोत्रसंहितेचे नव्वदावे स्तोत्र, ज्याच्या शीर्षकात मोशेचेच नाव आहे, ते मनुष्याचे आयुष्य सत्तर किंवा फार तर ऐंशी वर्षांचे सांगते. ज्यू समाजात आजही ‘१२० वर्षे जगा’ असा आशीर्वाद दिला जातो, मथुशलहाइतकी वर्षे जगा असा नव्हे.