मोटार कंपनीचा पीई कसा वाचावा

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा. तो मोठा दिसला की शेअर महाग, लहान दिसला की स्वस्त, असं आपण धरून चालतो. मोटारींच्या धंद्यात हा हिशेब बरेचदा उलटा पडतो. मारुती सुझुकीचे आकडे मांडून बघा.

आधी वार्षिक अहवालांतून दर वर्षाचा प्रतिशेअर नफा, म्हणजे ईपीएस, उतरवून घ्या. स्टँडअलोन (फक्त त्या कंपनीचा हिशेब) घेतलात तर सगळीकडे स्टँडअलोनच घ्या, मध्येच कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून केलेला) नको. शेजारी ३१ मार्चच्या सुमाराचा भाव लिहा आणि भावाला ईपीएसने भागा. ढोबळ आकडे असे येतात:

२०१८: भाव ८,८६०, ईपीएस २५६, पीई ३५
२०२१: भाव ६,८६०, ईपीएस १४०, पीई ४९
२०२२: भाव ७,५६०, ईपीएस १२५, पीई ६०
२०२४: भाव १२,६००, ईपीएस ४३०, पीई २९

आता पीई बाजूला ठेवून फक्त ईपीएसची रांग वाचा. २०१८ ते २०२२ मध्ये भाव उतरला, तरी पीई सुमारे पावणेदोन पट झाला, कारण नफा निम्म्यावर आला होता. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मारुतीची देशात एकही गाडी विकली गेली नाही. पुढे चिपचा तुटवडा आला, पोलाद महागलं. कारखाना आणि कामगारांचा खर्च मात्र चालूच राहतो, म्हणून विक्री थोडी घटली तरी नफा धाडकन कोसळतो. बाजार तो नफा सावरेल असं धरून भाव देत होता. ‘६० चा पीई’ बघून मार्च २०२२ मध्ये लांब राहिलेल्यांना दोन वर्षांत दीडपटीहून अधिक वाढलेला भाव नुसता पाहावा लागला.

म्हणून पुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते: पाच वर्षांच्या ईपीएसची सरासरी काढा आणि भावाला तिने भागा. २०१८ ते २०२२ ची सरासरी (वर न दिलेली २०१९ आणि २०२० धरून) सुमारे १९० येते. तिच्यावर २०२२ चा पीई ६० नव्हे, ४० च्या आसपास येतो.

उलट बाजूही तपासा. टाटा मोटर्स कन्सॉलिडेटेड हिशेबात २०१८-१९ पासून सलग चार वर्षं तोट्यात होती. तोट्यात पीई निघतच नाही, तिथे रकाना रिकामा ठेवा. २०२३-२४ मध्ये नफा ३१,००० कोटींवर गेला आणि पीई १२ वर आला. स्वस्त वाटावा असाच आकडा, पण मार्च २०२५ अखेरीस भाव सुमारे ९९० वरून ६७५ च्या आसपास उतरला होता. नफा शिखरावर असताना पीई लहानच दिसतो. अशा वेळी त्या नफ्यात एकदाच मिळणारी रक्कम किंवा करातली जुळवणी किती आहे, तेही अहवालात पाहा.

बोनस शेअर (फुकट मिळणारे जादा शेअर) दिले असतील किंवा शेअरचं विभाजन (एकाचे अनेक) झालं असेल तर जुने भाव आणि ईपीएस त्या प्रमाणात बदलून घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सचा व्यापारी वाहनांचा धंदा वेगळा झाला. तिथे वहीत रेघ मारा आणि दोन्ही कंपन्यांची रांग नव्याने सुरू करा.