लहान खुली अर्थव्यवस्था कशी अभ्यासावी : उद्यमबागेतून आयर्लंडकडे

लहान देश मोठ्या आर्थिक संघात कसा वाढतो, हे समजून घ्यायचे असेल तर आरंभ बेळगाव–कोल्हापूर हमरस्त्यावरून करावा. १ जुलै २०१७ पासून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीचे कास्टिंग राज्याची सीमा ओलांडून कोल्हापूरला विकताना केंद्रीय विक्रीकराऐवजी आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा एकात्मिक वस्तू व सेवा कर) लागतो आणि त्या कराची पूर्वी न मिळणारी वजावट खरेदीदार कारखान्याला मिळते. सीमा नकाशावर तशीच राहिली, हिशेबातून मात्र बरीचशी पुसली गेली.

आता आयर्लंड घ्यावा. १९७३ मध्ये तो युरोपीय आर्थिक समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) शिरला आणि १९९३ पासून एकसंध बाजारपेठ त्याला खुली झाली. यानंतर त्याच्या हाती काय उरले आणि काय गेले, याची नोंद करावी, कारण खरे मर्म इथेच आहे. कंपनीकर हाती राहिला, म्हणून २००३ पासून तो १२.५ टक्के ठेवून परदेशी उद्योग खेचता आले. चलन मात्र १९९९ मध्ये युरोत विलीन झाल्यामुळे २००८ च्या पडझडीत अवमूल्यनाची (चलन स्वस्त करून निर्यात वाढवण्याची) वाट बंद होती, आणि वेतन व सरकारी खर्च कापूनही २०१० मध्ये बाहेरून कर्ज घ्यावे लागले.

आकडे वाचताना सावध असावे. २०१५ मध्ये तेथील जीडीपी (देशांतर्गत एकूण उत्पादन) सुमारे २५ टक्क्यांनी फुगला, तो मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा तिथे हलवल्यामुळे. म्हणून अशा हालचालींचा परिणाम वगळणारे, तेथील सांख्यिकी कार्यालयाचे ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ पाहावे.

बेळगावशी तुलना ताणू नये (मोह होतोच), कारण कंपनीकर ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे राज्यालाही नाही.