एन्ट्रॉपी आणि अभिक्रियेची स्वयंस्फूर्तता: या चुका टाळा

बारावीला उष्मागतिकी शिकताना ‘डेल्टा जी = डेल्टा एच − टी × डेल्टा एस’ हे सूत्र (जी म्हणजे मुक्त ऊर्जा, एच म्हणजे उष्मा, टी म्हणजे केल्विनमधील तापमान, एस म्हणजे एन्ट्रॉपी, अर्थात कण आणि ऊर्जा किती विखुरली आहे याचे माप; डेल्टा म्हणजे त्यांतील बदल) सगळ्यांचेच पाठ होते; पण एखादी अभिक्रिया आपोआप होईल का, असे विचारले की हुशार विद्यार्थीही अडखळतात. कोणत्या तापमानाला, कोणत्या दाबाला आणि कोणाची एन्ट्रॉपी, हे न विचारताच डेल्टा जीचे चिन्ह (ते ऋण असेल तर अभिक्रिया स्वयंस्फूर्त, म्हणजे आपोआप होऊ शकणारी) ठरवून टाकणे, हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

उष्मा बाहेर पडला तरच अभिक्रिया स्वयंस्फूर्त, हा समज सर्वांत जुना आहे. रावेर-यावल भागात केळीला ठिबकातून युरिया देण्यापूर्वी तो ड्रममध्ये विरघळवतात, तेव्हा ड्रमला बाहेरून हात लावून पाहावा. तो चांगला गार लागतो. युरिया दर मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल उष्मा पाण्यातून ओढून घेतो, तरीही तो आपोआप विरघळतो, कारण स्फटिकातले रेणू पाण्यात मोकळे होताना वाढणारी एन्ट्रॉपी ही तूट भरून काढते.

याच्या उलट चूक म्हणजे ‘एन्ट्रॉपी घटली, म्हणून अभिक्रिया होणार नाही’ असे लिहिणे. ज्या अमोनियापासून हा युरिया बनतो, त्याचेच उदाहरण घ्या. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजन मिळून अमोनियाचे दोन मोल होतात, तेव्हा प्रणालीची एन्ट्रॉपी सुमारे १९९ ज्यूल प्रति केल्विन इतकी घटते. मात्र बाहेर पडणारी ९२.२ किलोज्यूल उष्णता २९८ केल्विनला परिसराची एन्ट्रॉपी सुमारे ३०९ ज्यूल प्रति केल्विनने वाढवते. बेरीज धन येते, आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम (आपोआप होणाऱ्या बदलात एकूण एन्ट्रॉपी वाढते) बोलतो तो या बेरजेबद्दल, एकट्या प्रणालीबद्दल नव्हे.

ही अभिक्रिया २५ अंशांना स्वयंस्फूर्त असली, तरी दोन्ही वायू नुसते एकत्र ठेवल्याने काहीच घडत नाही. कारखान्यात लोहाचा उत्प्रेरक आणि ४०० ते ५०० अंश तापमान लागते. डेल्टा जी दिशा सांगतो. वेग सक्रियण ऊर्जेवर, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेवर, ठरतो.

सर्वांत कमी लक्ष जाते ते प्रमाण स्थितीच्या चिन्हाकडे, आणि माझ्या मते खरा घोटाळा इथेच आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाचा प्रमाण डेल्टा जी २५ अंशांना +८.६ किलोज्यूल आहे. ४५ अंशांनाही तो साधारण +६ भरतो. त्यावरून ‘शंभर अंशांखाली पाण्याची वाफ होणे स्वयंस्फूर्त नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी मे महिन्यात जळगावात माठातले गार पाणी पीत असतो, आणि ते गार होते ते माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते म्हणूनच. प्रमाण किंमत ही वाफेचा दाब १ बार आहे असे धरून काढलेली असते. कोरड्या हवेत तो दाब अगदी थोडा असतो, त्यामुळे प्रमाण किमतीत मिळवायचे ‘आर × टी × लॉग क्यू’ हे पद मोठे ऋण होते आणि खरा डेल्टा जी शून्याखाली जातो. येथे आर हा वायू स्थिरांक, क्यू म्हणजे वाफेचा बारमधील दाब, आणि लॉग नैसर्गिक आहे. श्रावणात हवा ओलसर असते, क्यू वाढतो, डेल्टा जी शून्याजवळ येतो आणि त्याच माठाचे पाणी फारसे गार होत नाही.

आता एककांविषयी. डेल्टा एच किलोज्यूलमध्ये आणि डेल्टा एस ज्यूलमध्ये दिलेला असतो; हजाराने भागायचे राहिले, तर चुनखडी घरातल्या घरात फुटून तिचा चुना होईल, असे उत्तर निघते. नीट मांडणी केली, तर डेल्टा जी शून्य होण्याचे तापमान डेल्टा एचच्या १७८.३ किलोज्यूलला डेल्टा एसच्या ०.१६०५ किलोज्यूल प्रति केल्विनने भागून सुमारे ११११ केल्विन, म्हणजे ८३८ अंश येतात, आणि चुन्याची भट्टी एवढी का तापवावी लागते हेही कळते. तापमान अंश सेल्सिअसमध्येच घातले, तर सूत्राला काही अर्थ उरत नाही. आधी २७३ मिळवावेत.