खोटं मशीन घेतानाही डोकं लागतं: एईडी ट्रेनरच्या या चुका टाळा

श्रावण सरत आला की माझा फोन वाजायला लागतो. गरब्याच्या मैदानांचे आयोजक, मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांचे सेफ्टी ऑफिसर, दांडिया बाजारातल्या मंडळांची पोरं. सगळ्यांना नवरात्रीच्या आत सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला तगवायचे, क्लास उरकायचे असतात. दोन-तीन वर्षांपासून त्यात नवीन प्रश्न आलाय: "सिस्टर, यंदा आम्हीच शिकवणार. ते शॉकचं डेमो मशीन कुठलं घेऊ? जरा स्वस्तातलं सांगा."

स्वस्तातलं सांगते, पण आधी चार गोष्टी ऐकून घ्या. मी बडोद्यात १९ वर्षं आयसीयूत नर्स होते आणि नंतरची १२ वर्षं स्कूटरवर डमी बांधून क्लास घेत फिरतेय. तेवढ्या वर्षांत लोकांनी त्याच त्या चुका केल्यात आणि मी तीच ती बडबड केलीय. आता एकदाच लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एईडी म्हणजे मॉलमध्ये, विमानतळावर, कारखान्याच्या गेटवर भिंतीवरच्या पेटीत असतं ते मशीन. छातीला पॅड चिकटवले की ते हृदयाची लय वाचतं, गरज असेल तरच शॉक देतं, आणि काय करायचं ते बोलून सांगतं. एईडी ट्रेनर हा त्याचा सोंगाड्या. बोलतो सगळं, शॉक देत नाही.

फक्त "शॉक द्या" म्हणणारा ट्रेनर

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि फसलोय हे त्यांना कळतही नाही.

नंदेसरीकडच्या एका कारखान्यात मला उजळणीसाठी बोलावलं होतं. त्यांनी स्वतःचा ट्रेनर ऑनलाइन मागवून वर्षभर सराव केला होता. पोरं तरबेज. पॅड लावले, बाजूला झाले, बटण दाबलं, सगळं पाठ. मी माझा ट्रेनर काढला आणि रिमोट ओढणीखाली धरला. (रिमोट दिसला की पोरं डमीकडे बघत नाहीत, माझ्या अंगठ्याकडे बघतात.) एक धिप्पाड ऑपरेटर पुढे आला. दाब उत्तम, पॅड बरोबर जागी. मशीनने लय तपासली आणि मी दाबलेल्या बटणाप्रमाणे म्हणालं, "नो शॉक ॲडव्हाइज्ड."

गड्याने दोन्ही हात उचलले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "हाश! बची गयो!" पूर्ण बॅचने टाळ्या वाजवल्या. मशीन बिचारं पुढे "स्टार्ट सीपीआर" सांगत होतं, पण टाळ्यांत कोणाला ऐकू येणार? मी घड्याळ बघत उभी. ४० सेकंद डमीला कोणी हात लावला नाही. सीपीआर न मिळालेल्या माणसाची जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आता ४० सेकंदांचा हिशोब तुम्हीच करा.

चूक पोराची नव्हती. त्यांच्या ट्रेनरमध्ये एकच प्रसंग होता: तपासणी, शॉक, शाबासकी. "शॉकची गरज नाही" हे वाक्य वर्षभरात त्याच्या कानावरच पडलं नव्हतं. मग त्याने अर्थ लावला की माणूस वाचला. दुसऱ्या एका बॅचमधल्या काकांनी नेमका उलटा अर्थ लावला होता, की आता संपलं, घरच्यांना बोलवा.

खरं असं आहे. मशीन दोनच प्रकारांत शॉक देतं: हृदय नुसतं थरथरत असेल, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, किंवा इतकं सुसाट धावत असेल की नाडीच लागत नाही. शॉकने तो गोंधळ एकदम थांबवायचा, म्हणजे हृदयाला पुन्हा आपली लय धरायला वाव मिळतो. पण रेघ सपाट असेल तर थांबवायला काही उरलेलंच नसतं. सिनेमात सपाट रेघेवर शॉक देतात ना, त्याने आमच्या कामाचं फार नुकसान केलंय. शॉक नको याचा अर्थ दाब सुरू ठेवा, एवढाच. माणूस हलायला किंवा नीट श्वास घ्यायला लागेपर्यंत, नाहीतर १०८ची माणसं येऊन हातात घेईपर्यंत.

म्हणून ट्रेनर घेताना पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "यात प्रसंग किती, आणि मध्येच बदलता येतो का?" हे विचारा. शॉक, शॉक नाही, आधी शॉक मग नाही, आधी नाही मग शॉक, पॅड नीट चिकटले नाहीत, एवढे तरी हवेत. विकणारा गोंधळला तर फोन ठेवा. मी प्रत्येकाकडून तीन फेऱ्या करून घेते. पहिलीत शॉक, दुसरीत नाही, तिसरीत काय येणार ते सांगत नाही. तिसऱ्या फेरीत निम्मी बॅच अडखळते. शिकवणं खरं तिथून सुरू होतं. घाईवाल्यांना ही तिसरी फेरीच नको असते, सर्टिफिकेट हवं असतं.

भिंतीवर काय टांगलंय ते न बघता खरेदी

तुमच्या कारखान्यात, सोसायटीत जे खरं मशीन आहे, ट्रेनर त्याच्यासारखा वागला पाहिजे. काही मशीन झाकण उघडताच बोलू लागतात, काहींना बटण, तर काहींना ओढायचा हँडल असतो. झोल (Zoll) कंपनीच्या एईडी प्लस मशीनचे मोठ्यांचे पॅड एकाच तुकड्यात येतात आणि मध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. बहुतेक इतर मशीनचे पॅड दोन सुटे. सेमी-ऑटोमॅटिकला शॉकचं बटण तुम्ही दाबायचं, फुल्ली ऑटोमॅटिक स्वतःच इशारा देऊन शॉक सोडतं. बटणावर शिकलेला माणूस अशा मशीनवर बटण शोधत बसतो, आणि तोवर त्याचा हात रुग्णाच्या खांद्यावर असतो!

भिंतीवर अजून काहीच नसेल तर आधी खरं मशीन ठरवा, ट्रेनर मागून. लोक उलट करतात. ट्रेनर स्वस्त म्हणून तो आधी येतो आणि खऱ्याचं बजेट "पुढच्या वर्षी".

खरा आणि खोटा एका कपाटात

हा किस्सा सांगताना अजून पोटात गोळा येतो.

एका कंपनीच्या मॉक ड्रिलला मी निरीक्षक होते. गेटजवळ माझा डमी आडवा. वॉचमन भाई वाऱ्यासारखा धावला, पेटी उघडली, बॅग आणली, दीड मिनिटात पॅड लावून तयार. मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी देत होते. मशीन "प्रेस शॉक बटण" म्हणालं, त्याने दाबलं, सगळे खूष. मी बॅग आवरायला वाकले तर झाकणाच्या आतल्या बाजूला नखाएवढं स्टिकर: ट्रेनिंग.

खरं मशीन ट्रेनिंग रूमच्या कपाटात, प्रोजेक्टरच्या वायरींखाली पडलं होतं. तीन महिन्यांपूर्वीच्या क्लासनंतर कोणीतरी दोन्ही बॅगा आवरल्या आणि अदलाबदल झाली. दोन्ही लाल, दोन्हींवर तेच हृदयाचं चित्र. तीन महिने त्या गेटवर सोंगाड्या पहारा देत होता. त्या दिवशी खाली डमी होता, म्हणून आम्ही चहा पिऊन घरी गेलो. मॅनेजर साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "सिस्टर, रिपोर्टमध्ये नका लिहू." लिहिलं.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. ट्रेनरची बटणं खऱ्यासारखी हवीत, पण कपडे वेगळे. माझ्या ट्रेनरवर पिवळी चिकटपट्टी आडवी-उभी मारलीय आणि वर ऑइल पेंटने गुजरातीत आणि मराठीत "खोटं" लिहिलंय. बॅग कापडी, फुलाफुलांची, भाचीने शिवलेली. हसतात लोक, हसू देत. क्लास संपला की ट्रेनर माझ्याबरोबर घरी येतो, कंपनीत राहत नाही. तुमचा ट्रेनर कंपनीचाच असेल तर तो भिंतीवरच्या पेटीपासून दुसऱ्या मजल्यावर ठेवा. आणि वॉचमनला खऱ्या मशीनचा तयारीचा दिवा ओळखायला शिकवा. खरं एईडी अधूनमधून स्वतःची तपासणी करतं आणि ठीक असल्याची खूण दाखवतं. हजेरी मांडताना रोज एकदा बघितलं की झालं.

याची उलटी चूकही होते: पैसे वाचवायला खऱ्या मशीनवरच क्लास. बॅटरी झिजते, एकदाच वापरायचे महागडे पॅड वाया जातात, आणि एखादा हौशी मुलगा गंमत म्हणून पॅड मित्राच्या छातीला लावतो. नको म्हणजे नको.

"जुना आहे, पण चालू आहे"

एका ओळखीच्या सरांनी सेकंडहँड ट्रेनर अगदी कवडीमोल घेतला आणि कौतुकाने दाखवायला आणला. लावला. "शॉक." परत तपासणी. "शॉक." परत तपासणी. "शॉक." मध्ये एक दाब नाही. सर म्हणाले, "बघा, किती दमदार!" ही २००५ च्या आधीची पद्धत, लागोपाठ तीन शॉक. २००५ मध्ये ती बदलली: एक शॉक, की लगेच दाब, दोन मिनिटांनी पुन्हा तपासणी. त्याच वर्षी मोठ्यांसाठी १५ दाब आणि २ श्वास जाऊन ३० आणि २ आलं. हा ट्रेनर ऐकून शिकलेली पोरं वीस वर्षांपूर्वीचं शिकणार. सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण विकणाऱ्यासमोर पूर्ण दोन फेऱ्या वाजवून बघा, हातात घड्याळ घेऊन. शॉकनंतरची दोन मिनिटं खरोखर दोन मिनिटं आहेत का, तेही बघा.

यातच आणखी एक खोच आहे. आपल्याकडे इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य लोकांसाठी फक्त दाबाची पद्धत आणलीय, कोल्स म्हणतात तिला. तुम्ही ती शिकवली आणि ट्रेनर "दोन श्वास द्या" म्हणाला की बॅच तुमच्या तोंडाकडे बघते. काही ट्रेनरमध्ये हे बदलता येतं. नसेल येत तर आधीच सांगून टाका की श्वासाचं ऐकू आलं तरी हात थांबवायचे नाहीत.

भाषा

"हिंदी बोलणारं मिळेल का?" हा हमखास प्रश्न. मिळेलही. पण भिंतीवरचं मशीन इंग्रजीत बोलणार असेल तर ट्रेनरही इंग्रजीतच बोलू द्या. सरावात हिंदीचे लाड आणि प्रसंगी इंग्रजीचा मारा, हे उपयोगाचं नाही. मी एक खेळ करते. मशीन इंग्रजीत बोललं की बॅचने ओरडून गुजरातीत सांगायचं. "स्टँड क्लिअर" म्हटलं की सगळे, "आघा खसो!" आमच्या वाडीतल्या भजनी मंडळाच्या आजी "लांब व्हा गं!" म्हणतात, तेही चालतं. तीन फेऱ्यांत इंग्रजी न येणाऱ्यांनाही सूर कळतो. आवाज मात्र दुकानातच तपासा, पंखा पाचवर ठेवून. एसीच्या शोरूममध्ये सगळेच ट्रेनर खणखणीत वाजतात.

आता किरकोळ.

फोनवरचं फुकट ॲप उजळणीला ठीक. त्याला वायर नाही, पॅड सोलावे लागत नाहीत, म्हणून शिकवायला नाही.

३० जणांत एक ट्रेनर म्हणजे २९ जणांचं प्रेक्षागृह. माझा नियम सहा जणांमागे एक. दोन साधे घ्या, एक भारी घेऊ नका.

पॅड न लावताच शॉक देऊ देणारा ट्रेनर घेऊ नका.

लहान मुलांचा मोड असलेला बरा. ८ वर्षांखालच्या मुलाला मुलांचे पॅड, आणि ते नसतील तर मोठ्यांचेच, एक छातीवर आणि एक पाठीवर.

पिशवीत कात्री, रेझर आणि जुना टॉवेल ठेवा. गरब्यात कोसळलेला माणूस घामाने निथळत असतो, ओल्या छातीवर पॅड बसत नाही. आणि एका डमीला चनिया-चोळी घाला. बाईच्या छातीवरचे कपडे बाजूला करायला हात कचरतात. ते कचरणं क्लासमध्येच मोडावं लागतं.

आणि मग ते "सिस्टर, चालत नाहीये" वाले फोन. पॅड लावलेत तरी मशीन "कनेक्ट पॅड्स" म्हणतंय? दहातल्या आठ वेळा प्लग अर्धाच बसलेला असतो. उरलेल्या दोन वेळा वायर प्लगपाशी आतून तुटलेली, कारण तुम्ही ती मशीनभोवती गच्च गुंडाळता. सैल वेटोळं करा. रिमोट लागत नाही? उन्हातून सावलीत या. तरीही नाही, तर रिमोटचा सेल बदला, जो कोणीच कधी बदलत नाही. माझ्याकडचे दोन ट्रेनर सारखे आहेत, शेजारी ठेवले तर एकाच रिमोटला दोघेही ओ देतात. म्हणून एक ओसरीवर, एक आत.

पॅड चिकटत नाहीत ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा स्कूटरच्या डिकीत असतं. बडोद्याच्या मे महिन्यात डिकीत ठेवलेल्या पॅडचा गोंद पाझरतो, डमीच्या छातीवर चिकट थर बसतो आणि त्यावर जगातला सगळा केर. डमी ओल्या कपड्याने पुसून कोरडा करा. पॅड सोलताना कोपरा धरून हळू सोला, ओढू नका. मी घरी आले की पॅड त्यांच्या प्लॅस्टिकच्या कागदावर परत सपाट बसवते आणि पोळ्यांच्या जुन्या डब्यात ठेवते. डब्यावर आता मोठ्या अक्षरांत नाव आहे, कारण एकदा सूनबाईंनी त्यात गरम पोळ्या भरल्या होत्या, पॅडच्या वर.