माइनक्राफ्ट घ्यावे की लुआंटी वापरावे? लिंबची विहीर दोन्हींत बांधून ठरवण्याची रीत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ज्या घरात शाळकरी मूल आहे, त्या घरी माइनक्राफ्ट या ठोकळे (ब्लॉक) रचून जग बांधण्याच्या खेळाचे नाव एव्हाना पोहोचलेले असते, आणि बहुतेक वेळा ते मित्राच्या मोबाइलवरून आलेल्या चोरट्या प्रतीच्या रूपाने पोहोचते. अशा प्रतीबरोबर जाहिराती आणि कधी घातक सॉफ्टवेअरही येते, शिवाय मुलाला अगदी पहिल्याच खेळापासून चोरीची सवय लागते. पालकांपुढे दोनच सरळ मार्ग आहेत. एक तर खेळ रीतसर विकत घ्यावा, नाही तर लुआंटी हा कायदेशीररीत्या मोफत आणि मुक्त स्रोत असलेला पर्याय वापरावा. यांतला कोणता मार्ग आपल्या घराला किंवा शाळेला मानवेल, हे वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून कळत नाही. एकच वस्तू दोन्ही ठिकाणी स्वतः बांधून पाहिली की कळते. त्यासाठी मी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर निवडली आहे, कारण तिचा आकार अष्टकोनी आहे, मापे सर्वज्ञात आहेत आणि ती बांधताना दोन्ही खेळांची बलस्थाने व उणिवा आपोआप समोर येतात.

आधी काय कशाशी ताडायचे ते ठरवावे

माइनक्राफ्ट हा स्वीडनमधील मोजांग या कंपनीचा खेळ. मार्कस पर्सन यांनी त्याची सुरुवातीची आवृत्ती २००९ मध्ये लोकांपुढे आणली, पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना मोजांग विकत घेतली. लुआंटीची सुरुवात फिनलंडमधील पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये ‘माइनटेस्ट’ या नावाने केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे नाव बदलून लुआंटी झाले. म्हणून जुन्या व्हिडिओंत आणि लेखांत माइनटेस्ट असे दिसले तर ते हेच आहे, असे समजावे.

तुलनेत सर्वाधिक घोटाळा पुढच्या मुद्द्यावर होतो. माइनक्राफ्ट हा तयार खेळ आहे, तर लुआंटी हे खेळ चालवणारे इंजिन आहे, आणि त्यावर कोणता खेळ चालवायचा ते आपण निवडायचे असते. लुआंटी उतरवून उघडले, आत काहीच दिसले नाही, आणि ‘हे फुकटचे म्हणून अर्धवट आहे’ असे म्हणून काढून टाकले, असे पुष्कळांचे होते. तसा निर्णय घाईचा ठरतो. माइनक्राफ्टसारखे राक्षस, भूक, शेती आणि विद्युतमंडले हवी असतील तर लुआंटीवर ‘व्हॉक्सेलिब्र’ हा खेळ घ्यावा. केवळ बांधकाम करायचे असेल किंवा स्वतः भर घालत जायचे असेल तर ‘माइनटेस्ट गेम’ घ्यावा; नाव इंजिनाच्या जुन्या नावासारखे असले तरी हा त्यावर चालणारा एक खेळ आहे. पहिल्याची माइनक्राफ्टशी तुलना करणे न्याय्य आहे, दुसऱ्याची नाही.

दोन्ही खेळ संगणकावर आणणे

माइनक्राफ्टसाठी प्रथम मायक्रोसॉफ्टचे खाते उघडावे लागते. लहान मुलासाठी पालकांनी आपल्या खात्याला जोडलेले मुलाचे खाते काढावे, म्हणजे ऑनलाइन गप्पा आणि खरेदी यांवर नियंत्रण ठेवता येते. पैसे भरण्यापूर्वी जावा आवृत्तीची (ही माइनक्राफ्टची संगणकावर चालणारी एक आवृत्ती) चाचणी प्रत अवश्य चालवावी. तिच्यात खेळातले पाच दिवस, म्हणजे सुमारे शंभर मिनिटे, विनामूल्य खेळता येते, आणि आपला संगणक हा खेळ पेलतो की अडखळतो याचा अंदाज तेवढ्या वेळात नक्की येतो. जुन्या संगणकांवर तो अनेकदा अडखळतो.

लुआंटी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. विंडोजसाठी मिळणारी झिप फाइल उलगडून आतील ‘बिन’ फोल्डरमधला प्रोग्रॅम उघडला की झाले. इन्स्टॉल करण्याची गरज नाही, त्यामुळे तेच फोल्डर पेन ड्राइव्हने शाळेच्या लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर नेता येते. मोबाइलवर मात्र सावध राहावे, कारण याच प्रकल्पाचा मुक्त कोड घेऊन त्यात जाहिराती भरलेली कितीतरी अॅप्स भलत्याच नावांनी फिरत असतात. लुआंटी सुरू झाल्यावर ‘कंटेंट’ या विभागातून ऑनलाइन साहित्याची यादी उघडावी आणि वर सांगितलेले दोन्ही खेळ उतरवून घ्यावेत. इंटरनेट लागते ते असे साहित्य उतरवण्यापुरतेच. एकट्याने खेळायला लुआंटीत कोणतेही खाते लागत नाही.

विहिरीसाठी जमीन निवडणे

लिंबची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. ती सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर असे धरले तर आपल्याला १५ ब्लॉक रुंद आणि ३३ ब्लॉक खोल असा खड्डा हवा.

इथेच पहिला फरक जाणवतो. माइनक्राफ्टमधले नेहमीचे सपाट जग फक्त चार थरांचे असते: वर गवत, त्याखाली मातीचे दोन थर आणि तळाला न फुटणारा खडक. त्यात विहीर खणताच येत नाही. जावा आवृत्तीत जग तयार करताना सपाट जगाचे थर बदलण्याची सोय आहे, तेथून दगडाचे जाड थर असलेला तयार नमुना निवडावा. लुआंटीत माइनटेस्ट गेम निवडून नवे जग तयार करताना जगाचा प्रकार ‘फ्लॅट’ ठेवावा आणि त्याच चौकटीतील गुहांची खूण काढून टाकावी. मग खाली हजारो ब्लॉकपर्यंत अखंड दगड मिळतो. दोन्हीकडे क्रिएटिव्ह पद्धत निवडावी, म्हणजे साहित्य गोळा करण्यात वेळ जाणार नाही. माइनक्राफ्टमध्ये स्पेसबार दोनदा दाबला की उडता येते. लुआंटीत त्याआधी ‘टी’ दाबून, तिरपी रेघ देऊन, ‘ग्रँटमी ऑल’ हा आदेश इंग्रजी अक्षरांत लिहावा लागतो आणि मग ‘के’ दाबावे लागते. नवशिक्याला हे आधी कुणी सांगितले नाही, तर तो इथेच कंटाळतो.

अष्टकोन आखणे आणि खणणे

ब्लॉकच्या जगात सगळे चौकोनी असते, म्हणून अष्टकोन ओळी मोजूनच साधावा लागतो. उत्तरेकडून सुरुवात करून पहिल्या ओळीत मधले ७ ब्लॉक काढावेत, दुसऱ्या ओळीत ९, तिसरीत ११, चौथीत १३. त्यानंतरच्या सात ओळी पूर्ण १५ ब्लॉकच्या ठेवाव्यात आणि पुढे पुन्हा १३, ११, ९, ७ असे उतरत यावे. अशा पंधरा ओळी होतात आणि आठही बाजू डोळ्याला जवळजवळ सारख्या दिसतात. हा नकाशा आधी चौकटीच्या वहीत काढून घेतला तर मुले चुकत नाहीत, आणि भूमितीही त्यांच्या हातात बसते. मला या संपूर्ण उद्योगातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

एका थरात १८५ ब्लॉक निघतात, म्हणजे ३३ थरांत ६,१०५. हाताने एवढे खणणे शक्य आहे, पण आवश्यक नाही. माइनक्राफ्टमध्ये ‘फिल’ हा आदेश दोन टोकांचे निर्देशांक (जागा दाखवणारे आकडे) देऊन १५ बाय १५ बाय ३३ चा चौकोनी खड्डा एका दमात रिकामा करतो; मग चारही कोपरे प्रत्येक थरात दहा-दहा दगडांनी भरून घ्यावेत. या आदेशाला मूळ सेटिंगनुसार ३२,७६८ ब्लॉकची मर्यादा आहे आणि आपला खड्डा ७,४२५ ब्लॉकचाच असल्याने अडचण येत नाही. लुआंटीत यासाठी ‘वर्ल्डएडिट’ हा मॉड, म्हणजे खेळात भर घालणारी जोड, ‘कंटेंट’मधून घ्यावा लागतो. तो उतरवला म्हणजे काम झाले असे नाही. जगाच्या यादीत आपले जग निवडून ‘सिलेक्ट मॉड्स’मध्ये जाऊन तो त्या जगापुरता चालू करावा लागतो. मॉड उतरवूनही चालत नाही अशी तक्रार आली, की बहुधा ही पायरी राहिलेली असते.

काळा दगड मिळतो का?

साताऱ्याचे बांधकाम म्हटले की काळा बेसाल्ट आला. माइनक्राफ्टमध्ये डीपस्लेट या गडद करड्या दगडाच्या विटा, त्यांच्या पायऱ्या, अर्धे ब्लॉक आणि कठड्याचे ब्लॉक असा पूर्ण संच तयार मिळतो, आणि त्यातून विहिरीत उतरणारा जिना व वरचा छोटा महाल फार देखणा होतो. माइनटेस्ट गेममध्ये या रंगाच्या जवळ जाणारा दगड म्हणजे ऑब्सिडियनची वीट, आणि ती जरा जास्तच गर्द दिसते. डार्केज या मॉडमध्ये बेसाल्ट आहे, तो घालून काम भागते. तयार साहित्याचे वैविध्य आणि रेखीवपणा यांत माइनक्राफ्ट पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपल्याला हवा तसा दगड नसेल तर लुआंटीत तो स्वतः तयार करता येतो. विहिरीच्या चिऱ्यांचा आपणच काढलेला फोटो चौकोनी कापून, लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या काही ओळी लिहून, आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी नवा ब्लॉक खेळात आणू शकते. माइनक्राफ्टमध्येही मॉड करता येतात, पण जावा आवृत्तीत नवा ब्लॉक आणणारे मॉड सहसा जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहावे लागतात आणि खेळाची आवृत्ती बदलली की ते अनेकदा नव्याने जुळवून घ्यावे लागतात. प्रोग्रॅमिंग शिकवण्याचा हेतू असेल तर माझा कौल निःसंशय लुआंटीला आहे.

मोठे बांधकाम करायचे असल्यास

विहिरीनंतर मुले अजिंक्यतारा आणि कोयना धरण मागतात. कोयनेची भिंत सुमारे १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब आहे, ती दोन्हीकडे पूर्ण मापात मावते. अजिंक्यतारा शहरापासून अंदाजे ३०० मीटर उठतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तळापासून माथ्यापर्यंत एकूण ३८४ थरच असल्याने शहराची पातळी बरीच खाली धरावी लागते. लुआंटीत मध्यापासून वर आणि खाली सुमारे ३१,००० ब्लॉक असल्याने उंचीचा प्रश्नच येत नाही. मात्र आडव्या दिशेलाही तेवढीच मर्यादा आहे, म्हणजे जग साधारण ६२ किलोमीटर लांब-रुंद. सातारा ते कऱ्हाड त्यात बसेल, सातारा ते सांगली बसणार नाही. माइनक्राफ्टचे जग मध्यापासून प्रत्येक दिशेला तीन कोटी ब्लॉक जाते.

अनेकांनी मिळून खेळणे

शाळेच्या लॅबसाठी निर्णय बहुधा इथे होतो. माइनक्राफ्ट स्थानिक नेटवर्कवर खेळता येते, पण प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे खाते आणि विकत घेतलेली प्रत लागते. लुआंटीत एका संगणकावर जग उघडताना ‘होस्ट सर्व्हर’वर खूण करून नाव व पासवर्ड द्यावा, फायरवॉलने विचारल्यास खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्यावी, आणि बाकीच्यांनी ‘जॉइन गेम’मध्ये त्या संगणकाचा आयपी पत्ता व ३०००० हा पोर्ट भरावा. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी हे चालते. जुने संगणक मंदावले तर दिसण्याचा पल्ला कमी करावा. एक उणीव लक्षात ठेवावी: लुआंटीत देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळत नाहीत, म्हणून पाट्या तूर्त रोमन लिपीत लिहाव्या लागतात.

घरी, एकट्या मुलासाठी, प्रश्न वेगळा असतो. त्याचे मित्र माइनक्राफ्टवर एकत्र खेळत असतील तर लुआंटी त्यांची जागा घेऊ शकत नाही, आणि अशा वेळी रीतसर प्रत घेऊन देणेच योग्य. लुआंटीचे सार्वजनिक सर्व्हर निरनिराळी माणसे चालवतात, त्यांवर एकच देखरेख नसते. म्हणून लहान मुलाला त्यांवर एकटे सोडू नये.

दोन्ही खेळांतील जग परस्परांत थेट उघडत नाही, त्यामुळे मोठे काम हाती घेण्यापूर्वीच निवड पक्की करावी. काम सुरू झाल्यावर आठवड्याला एकदा खेळ पूर्ण बंद करून, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ‘सेव्हज’ आणि लुआंटीत ‘वर्ल्ड्स’ या फोल्डरमधील आपल्या जगाचे अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावे. लुआंटीच्या बाबतीत वापरलेले मॉड आणि खेळ यांची फोल्डरेही सोबत घ्यावीत, नाही तर दुसऱ्या संगणकावर बेसाल्टच्या जागी ‘अनोळखी ब्लॉक’ दिसू लागतात.