‘ग्रिझली मॅन’ कसा दाखवावा आणि त्यावर कसे बोलावे

कोल्हापुरात माहितीपटाला प्रेक्षक मिळत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. अस्वलांवरचा माहितीपट आहे एवढे कळले, तरी रविवारी सकाळी लोक पोराबाळांसह हजर होतात. आणि जर्मन दिग्दर्शक वर्नर हरझॉग यांचा 2005 सालचा ‘ग्रिझली मॅन’ दाखवायचा असेल, तर पहिली अडचण तीच ठरते. म्हणून निमंत्रणातच स्वच्छ लिहावे, की टिमथी ट्रेडवेल नावाचा अमेरिकन माणूस अलास्कातील काटमाई राष्ट्रीय उद्यानात 13 उन्हाळे अस्वलांजवळ तंबू ठोकून राहिला आणि ऑक्टोबर 2003 मध्ये त्याला व त्याची मैत्रीण अ‍ॅमी ह्युगेनार्ड हिला अस्वलाने ठार केले, त्याची ही हकीकत आहे. शेवट आधी कळल्याने रसभंग होत नाही, कारण हरझॉग स्वतःच तो लपवून ठेवत नाहीत. लहान मुलांना आणू नये, हेही त्याच निमंत्रणात सांगावे. दारात सांगितले की भांडण होते.

घरी पाहण्यासाठी विकत घेतलेली प्रत म्हणजे सभागृहात दाखवण्याची परवानगी नव्हे. ती हक्कधारकांकडून लेखी मागावी आणि उत्तर येईपर्यंत तारीख जाहीर करू नये. पडदा थोडा लहान असला तरी चालेल, मात्र आवाज चांगला हवा, कारण हरझॉग यांचे जर्मन वळणाचे इंग्रजी निवेदन हा या चित्रपटाचा अर्धा जीव आहे. इंग्रजी उपशीर्षके लावावीत. चित्रपट 103 मिनिटांचा आहे, त्यामुळे मध्यंतर घेऊ नये. आम्ही पहिल्या खेपेला चहासाठी पंधरा मिनिटे थांबलो. लोक परतले ते ‘तो वेडाच होता’ असा निकाल लावूनच, आणि पुढचा भाग त्यांनी त्या निकालाचा पुरावा म्हणून पाहिला.

सुरुवातीला दहा मिनिटे बोलावे, त्याहून अधिक नको. आपल्याकडे अस्वल म्हटले की वारुळे उकरणारे, मधावर तुटून पडणारे, छातीवर पांढरट खूण असलेले काळे केसाळ जनावर डोळ्यांपुढे येते. काटमाईतील तपकिरी अस्वल, म्हणजे शीर्षकातले ‘ग्रिझली’, त्याच्या कितीतरी पट अवजड असते आणि हिवाळ्याच्या झोपेआधी नदीतील सामन माशांवर चरबी साठवते. मासे कमी पडले आणि थंडी जवळ आली, की उशिराच्या त्या दिवसांत भुकेलेली, अनोळखी अस्वलेही त्या भागात उतरतात. ट्रेडवेल दरवर्षी ज्या सुमारास परतत असे, ती वेळ 2003 मध्ये उलटून गेली होती. तो निघालाही होता, पण विमानाच्या तिकिटावरून वाद झाला आणि तो रागाने मागे फिरला. एवढे प्रेक्षकांना ठाऊक असले की शेवटचा भाग केवळ दैवाचा खेळ वाटत नाही.

आता मुख्य सूचना. या चित्रपटाला दोन दिग्दर्शक आहेत, असे समजून तो पाहावा आणि दाखवावा. ट्रेडवेलने शेवटच्या पाच वर्षांत शंभराहून अधिक तासांचे चित्रण केले. हरझॉग यांनी त्यातून निवड केली आणि जागोजागी त्याच्याशी असहमती नोंदवली. दारूच्या व्यसनातून आपल्याला अस्वलांनी सोडवले, असे ट्रेडवेल मानत असे आणि अस्वलांचा एकटा राखणदार म्हणून कॅमेऱ्यापुढे उभा राहत असे. प्रत्यक्षात अ‍ॅमी सोबत असतानाही ती चित्रणात जवळजवळ दिसतच नाही. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणून पाहतो, डोक्याचा रुमाल बदलून पाहतो. खोटेपणा पकडल्याच्या आनंदात हे क्षण पाहू नयेत. स्वतःला नव्याने घडवू पाहणाऱ्या माणसाची ती तालीम आहे. एका ठिकाणी तो चौकटीतून निघून जातो, कॅमेरा चालूच राहतो, आणि वाऱ्यावर हलणाऱ्या गवताखेरीज पडद्यावर काहीच उरत नाही. हरझॉग ते दृश्य ठेवतात. मला विचाराल तर संपूर्ण चित्रपटात तिथे त्यांचे दोघांचे सर्वाधिक जुळते.

मृत्यूच्या वेळी कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण होते, तरी ध्वनिमुद्रण झाले. ते चित्रपटात ऐकवलेले नाही. हरझॉग आपल्याकडे पाठ करून हेडफोनवर ते ऐकतात, समोर ट्रेडवेलची जुनी मैत्रीण ज्युएल पॅलोवॅक हिचा ताणलेला चेहरा दिसतो, आणि मग ही फीत कधीही ऐकू नका, नष्ट करा, असे ते तिला सांगतात. या दृश्यानंतर सभागृहात हमखास मोबाइल उजळतात. इंटरनेटवर त्या नावाने बनावट ध्वनिफिती फिरतात, त्यामुळे शोधाशोध करू नये, ही सूचना प्रास्ताविकातच देऊन ठेवावी.

चर्चेत ‘बरोबर की चूक’ हा प्रश्न पहिला अर्धा तास येऊ देऊ नये. प्रत्येकाने मनात राहिलेले एकच दृश्य वर्णन करावे, मत देऊ नये. टोपी पळवणाऱ्या कोल्ह्यामागे शिव्या देत धावणारा ट्रेडवेल कुणीतरी नक्की सांगतो आणि हशा पिकतो. त्यानंतर विषय आपल्या वेशीवर आणावा. गवा शहराच्या कडेला आला की मोबाइल उंचावून त्याच्यामागे धावणारी गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. याच शहरात साठमारीही होत असे. हत्तीला डिवचणारा साठमार माणूसच मावेल अशा फटीतून निसटत असे, कारण हत्ती काय करू शकतो याविषयी त्याला कसलाही भ्रम नव्हता. ट्रेडवेलने अशी फट ठेवली नव्हती. बंदूक तर नव्हतीच, अखेरीस अस्वलांना पळवणारा मिरचीचा फवाराही त्याने सोडून दिला होता. ही तुलना पुढे ठेवून संयोजकाने गप्प बसावे.

सभागृह ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास जास्त घ्यावे. चर्चा थांबली की दिवे लावण्यापूर्वी गवताचे ते दृश्य पुन्हा एकदा, निवेदनाचा आवाज बंद करून दाखवावे.