डीजीसीएचे सीपीएलचे पेपर कसे काढायचे?

पायलट व्हायचं म्हणजे थेट गोंदिया नाहीतर बारामती गाठून विमान हातात घ्यायचं असं घरच्यांना वाटतं, पण मधे डीजीसीएचे (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) सीपीएलसाठीचे, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सचे, लेखी पेपर असतात आणि ते फ्लाइंग सुरू व्हायच्या आधी काढलेले बरे, कारण पहाटे उठून सॉर्टी (विमानाची एक फेरी) मारून आल्यावर रात्री नॅव्हची (नॅव्हिगेशन, दिशा-मार्ग काढणं) गणितं होत नाहीत, डोळेच मिटतात.

सगळ्यात आधी क्लास २ मेडिकल, म्हणजे पायलटची पहिली वैद्यकीय तपासणी, करून घ्या. कोचिंगची फी भरल्यावर डोळ्यांचं काही निघालं तर पैसे गेलेच.

मग कॉम्प्युटर नंबरसाठी, म्हणजे डीजीसीएच्या परीक्षेला बसायला लागणाऱ्या नंबरसाठी, अर्ज. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. इथे आपल्याकडच्या पोरांचा घोळ होतो तो नावाचा, बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं आणि पासपोर्टवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे कुठे नाही, त्यामुळे सगळी कागदपत्रं एकदा शेजारी ठेवून स्पेलिंगसकट तपासा.

विषय म्हणजे नॅव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, आणि ज्या विमानावर लायसन्स काढणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. रेडिओवर बोलायच्या परवान्याची परीक्षा, आरटीआर, वेगळी. पासिंग ७० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडून यायचं नाही.

माझं मत, सुरुवात मेटपासून करा. स्टँडर्ड हवेत समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सियस आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश कमी, हे एकदा डोक्यात बसलं की नॅव्ह आणि टेक्निकल दोन्हीकडे कामाला येतं. मान्सून तर आपल्या घरचाच, १ जूनला केरळ, मग घाट चढताना ढग का फुटतात हे खंडाळ्याला भिजलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण वेस्टर्न डिस्टर्बन्स (हिवाळ्यात उत्तरेत पश्चिमेकडून येणारा पाऊस-बर्फ) आणि बंगालचे नॉरवेस्टर (उन्हाळ्यातली वादळं) मात्र बसून वाचावेच लागतात.

नॅव्ह रोज एक तास, हातात पेन्सिल घेऊन. उदाहरणार्थ वन-इन-सिक्स्टी, म्हणजे ६० मैलांत १ मैल बाजूला तर १ अंशाची चूक हा नियम: ६० मैल गेलात आणि ट्रॅकपासून (ठरलेल्या मार्गापासून) ४ मैल बाजूला आहात, तर चूक ४ अंशांची. पुढे ४० मैल उरलेत, तर थेट मुक्कामावर पोचायला आणखी ६. एकूण १० अंश वळायचं. बरेच जण ४ वळवून मोकळे होतात, त्याने विमान ट्रॅकला फक्त समांतर जातं, मुक्कामी पोचत नाही.

रेग्युलेशन्स शेवटी ठेवा, ते पाठांतर आहे आणि पाठांतर ताजंच टिकतं. क्वेश्चन बँक सगळेच करतात, करा, पण ए बी सी डी पाठ करू नका, आकडे बदलले की संपलं. मी पहिल्या वेळी नॅव्हला तसाच आपटलो.

परीक्षेच्या दिवशी हॉल तिकिटावरच्या सूचना नीट वाचून जा, आणि नॅव्हची लांबलचक गणितं मार्क करून शेवटी घ्या. वेळ विचारली असेल तर यूटीसी (जागतिक वेळ) मागितलीय की आयएसटी (आपली भारतीय वेळ) ते दोनदा बघा. मी साडेपाच तास वजा करायचे तिथे मिळवले, आणि पर्यायांमध्ये तेही उत्तर होतंच.